स्वतःच्याच शॉर्टफिल्ममध्ये मुख्य भूमिका करू का?

धायरीकर:
वीसेक मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. नारायण पेठेतला एक छापखाना, तो विकायला निघालेला मुलगा आणि नाही म्हणणारे वडील. लिहिलंय मी, दिग्दर्शनही माझंच. मुलाच्या भूमिकेसाठी ठरलेल्या नटाला मालिका मिळाली, तो मुंबईला गेला. आता टीम म्हणते, तूच कर, संवाद तुला पाठच आहेत. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत काम केलंय, कॅमेऱ्यासमोर कधी नाही. वडिलांच्या भूमिकेला रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ काका तयार आहेत. दिवाळीनंतर शूट. दिग्दर्शकानं स्वतःच्या फिल्ममध्ये काम करावं का?

कर्वेनगर कट्टा:
बिनधास्त करा! राजा परांजपे, दादा कोंडके, महेश कोठारे, सचिन, अगदी 'मुळशी पॅटर्न'चे प्रवीण तरडे. आपल्याकडे ही परंपराच आहे. तुमची गोष्ट तुमच्याइतकी कुणाला कळणार?

वारजे असोसिएट:
परंपरा आहे हे खरं, पण त्यातही फरक आहेत. व्ही. शांताराम, म्हणजे शांताराम बापूंचंच बघा. त्यांची 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ला पुण्यात आली, त्यानंतरच्या 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'मध्ये बापू कॅमेऱ्यामागे आणि समोर केशवराव दाते, शाहू मोडक, जागीरदार. पुढे स्वतःच्या 'राजकमल' या चित्रसंस्थेत ते डॉ. कोटणीस झाले, 'दो आँखें बारह हाथ'मध्ये जेलर झाले आणि त्यातल्या बैलाच्या प्रसंगात डोळ्याला जबर दुखापत करून घेतली. तोवर त्यांच्यामागे किती वर्षांचा अनुभव होता आणि हाताशी केवढं युनिट होतं! नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त चंक्या केला, पण जब्या या मुलाच्या भोवती फिरणाऱ्या गोष्टीत ती भूमिका लहान होती.

मी असोसिएट डायरेक्टर, म्हणजे दिग्दर्शकाची सहायक म्हणून काम करते, म्हणून सेटवरचं सांगते. एका फिल्मला दिग्दर्शकच नायक होते. नायिकेचा क्लोजअप लागला होता, हे फ्रेमबाहेर उभे राहून क्यू, म्हणजे समोरची वाक्यं देत होते. ती बोलायला लागली की यांचे ओठ तिच्या वाक्याबरोबर हलायचे. तिनं जरा वेगळ्या ठिकाणी श्वास घेतला की यांच्या कपाळावर आठी. शेवटी ती मध्येच थांबून म्हणाली, "सर, तुम्ही माझं ऐकत नाही आहात, मला तपासताय." त्या दिवशीचे तिचे सगळे टेक कोरडे गेले. मॉनिटरवर आम्हाला दिसत होतं, पण बोलायचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता.

तुम्ही स्वतः कसे दिसाल याची मला एवढी काळजी वाटत नाही. ते एडिटला थोडंफार सांभाळता येतं. काळजी वाटते ती काकांची. रंगभूमीवरच्या माणसाला समोरच्याचा डोळा लागतो, त्या डोळ्यात पुढच्या शॉटचा हिशोब दिसला की तो लगेच आखडतो. आणि छापखान्यात खिडकीच्या उजेडावर शूट करणार असाल तर प्रत्येक टेकनंतर मॉनिटरकडे धावून प्लेबॅक बघण्यात दुपार संपेल.

करायचंच असेल तर 'कट' आणि 'पुन्हा' म्हणायचा हक्क आधीच एका माणसाला द्या, आणि युनिटसमोर द्या. तो 'पुन्हा' म्हणाला तर वाद नाही, पुन्हा. असा माणूस नसेल तर दुसरा नट शोधा. भरत नाट्य मंदिरात, सुदर्शन रंगमंचावर चार प्रयोग बघा. या शहरात तुमच्या वयाची उत्तम काम करणारी मुलं आहेत.

धायरीकर:
मनापासून आभार. ओठांचं वाचून दचकलो, कारण वाचनाच्या वेळी काका हेच म्हणाले होते, "तू माझं वाक्य संपायची वाट बघतोस." मला ते कौतुक वाटलं होतं. सुदर्शनच्या प्रयोगांना जातोच. एका नटाला भेटलोय, तोही छान वाचतो. त्याची आणि माझी, दोघांचीही काकांबरोबर टेस्ट घ्यावी म्हणतो.

वारजे असोसिएट:
घ्या. विक्रीचा कागद पुढे करायचा प्रसंग असेल ना, तोच लावा. क्लोज फक्त काकांचा ठेवा, तुम्ही दोघं आळीपाळीनं फ्रेमबाहेरून क्यू द्या. काका कुणासमोर मोकळे होतात ते बघून ठरवा.

धायरीकर:
टेस्टला तुम्ही मॉनिटरवर बसाल का? मानधन देईन.

वारजे असोसिएट:
रविवार असेल तर येते. स्क्रिप्ट आधी पाठवा.