प्रति: गृहपाठ कोण घेणार?

पालकांना मँडरिन (चीनची प्रमाण भाषा) येत नसेल तर गृहपाठ कोण घेणार, म्हणून मुलांना मँडरिन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणाऱ्या शाळेत घालू नये, हे वर दोघातिघांनी लिहिलंय. मला नाही पटत. अमेरिकेतल्या यूटा राज्यात २००८च्या कायद्यानंतर सरकारी शाळांत हे वर्ग सुरू झाले ते मुख्यतः घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठीच. अर्धा दिवस मँडरिन, अर्धा दिवस इंग्रजी, दोन्हींच्या बाई वेगळ्या. म्हणजे आईबाबांना चिनी येत नाही हे गृहीतच धरलेलं असतं.

खरी अडचण गणिताची, आणि तिचा उल्लेख इथे कुणीच केला नाही. पहिली ते तिसरी गणित मँडरिनमध्ये असतं, चौथीपासून त्याचा बराचसा भाग इंग्रजीकडे सरकतो. आमची लेक बेरीज-वजाबाकी झटक्यात करायची, पण शाब्दिक उदाहरण वाचून दाखव म्हटलं की वाचायची चिनीत, आणि आम्ही दोघं ढिम्म! देवनागरीसारखं अक्षराला अक्षर जोडून वाचायची सोय तिथे नाही, चिन्ह ओळखीचं नसेल तर उच्चाराचाही नीट पत्ता लागत नाही. शेवटी फोनवर प्लेको हा शब्दकोश घेतला. त्यात चिन्ह बोटाने गिरवलं की अर्थ आणि पिनयिन (म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेला उच्चार) दोन्ही मिळतं. रेघांचा क्रम मात्र तीच आम्हाला शिकवते, वर चुका काढते ते वेगळंच.

प्रवेशाआधी एक विचारून घ्या: लिपी सरलीकृत (कमी रेघांची, सोपी केलेली चिन्हं) शिकवतात की पारंपरिक (जुनी, जास्त रेघांची)? पुढे शाळा बदलायची वेळ आली तर त्याने बराच फरक पडतो.