परसबागेतील बिट्टी, हौद आणि दीड वर्षांची मुलगी : काय काढावे, काय ठेवावे?

प्रश्न (कळंबा, कोल्हापूर)

नमस्कार. कळंबा भागातील आमच्या बैठ्या घरामागे जेमतेम एक गुंठ्याची परसबाग आहे. तिच्यात सासऱ्यांनी लावलेली बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, कुंपणाला मोगली एरंड, जमिनीलगतचा पाण्याचा हौद आणि त्याच्या कडेने गेलेली शहाबादी फरशीची वाट आहे. माझी दीड वर्षांची मुलगी हाताला लागेल ते तोंडात घालते. सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्या रोज पहाटे पूजेसाठी बिट्टीची फुले स्वतः तोडतात आणि गेल्या श्रावणात त्याच वाटेवर घसरून त्यांचे मनगट मोडले. सगळे काढून कोबा करावा, असे घरातील काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण सासूबाईंचा दिवस या बागेतच उजाडतो. परंतु मुलीच्या जिवाशी खेळही नको. काय करावे?

उत्तर १ (निवृत्त कृषी सहायक, राजारामपुरी)

ताई, कोबा करू नका. मात्र मोगली एरंड या आठवड्यातच मुळासकट काढा. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, म्हणून मुले एक खाऊन थांबत नाहीत आणि मग उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. बिट्टीचे प्रकरण याहून गंभीर आहे. तिचे पान, चीक, फूल, सगळेच विषारी असले तरी सर्वाधिक विष फळातील बीमध्ये असते आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. आमच्या लहानपणी आम्ही बिट्ट्यांनी खेळत असू, त्यामुळे पुष्कळांना हे झाड निरुपद्रवी वाटते. माझ्या मते तेही काढावे आणि त्या जागी जास्वंद व तगर लावावी, म्हणजे सासूबाईंची फुलांची परडी रिकामी राहणार नाही. तोडलेल्या फांद्या जाळू नका, कारण त्यांचा धूरही त्रासदायक असतो. चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या.

मुलाने बी खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या प्रयत्नात वेळ घालवू नये. झाडाची फांदी किंवा फळ सोबत घेऊन थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला, जावे किंवा १०८ वर फोन करावा.

फवारणीचे औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय मी नोकरीत असताना घरोघरी पाहिली आणि तिच्याइतकी भीती मला झाडांचीही वाटत नाही. औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. डब्यावरील विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल, तर ते परसबागेत आणूच नये. मावा, तुडतुडे यांना पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, त्यात चिमूटभर साबणचुरा विरघळवून संध्याकाळी फवारावे.

उत्तर २ (शुक्रवार पेठ)

२०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत आले आणि ते ओसरल्यावर परसातील जळणाच्या ढिगाखाली साप निघाला. तेव्हापासून आम्ही जळण भिंतीपासून दूर, विटांवर रचतो आणि आच्छादनासाठी आणलेले उसाचे पाचट दारालगत पसरत नाही, कारण पाचटात उंदीर येतात आणि उंदरामागून साप. आपल्या सासूबाई पहाटेच्या अंधारात फुलांना जातात, हे वाचून काळजी वाटली. त्यांच्या हाती विजेरी अवश्य द्यावी. मण्याराचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि सुजतही नाही, म्हणून काही झाले नाही असे समजून घरी थांबू नये. दंशावर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. हात किंवा पाय न हलवता तातडीने रुग्णालय गाठावे.

हौदावर कुलपाचे लोखंडी झाकण आजच बसवा, कारण एवढ्या लहान मुलाला बुडायला बादलीभर पाणीही पुरते. झाकणाखाली बारीक जाळी लावावी. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीलाही चिकटून महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासायला हवा. पाण्याची मोटर असेल, तर अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

उत्तर ३ (नागाळा पार्क)

फरशीवरील शेवाळ दर पावसाळ्यात घासून दमण्यापेक्षा आम्ही शहाबादीला टाकीचे घाव घालून ती खडबडीत करून घेतली आणि एका बाजूने आईच्या कमरेइतक्या उंचीचा लोखंडी नळ कठड्यासारखा बसवला. गेले दोन पावसाळे ती न घसरता एकटी तुळशीपर्यंत जाते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोगली एरंड काल काढला आणि हौदाच्या झाकणाचे माप दिले आहे. बिट्टीबद्दल सासूबाईंशी बोलले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या, कारण ते झाड सासऱ्यांच्या हातचे आहे. मग त्यांनीच सांगितले की, तगर धरून तिला फुले येईपर्यंत बिट्टीची सगळी फळे त्या स्वतः मोजून तोडून घेतील आणि त्यानंतर झाड काढावे. तोपर्यंत झाडाभोवती छातीइतक्या उंचीची जाळी लावत आहोत.