खांदेरीची लढाई टेबलावर खेळायची आहे, नियम कोणते घ्यावेत?

थळकर:
मंडळी, मी थळचा, अलिबागेत हार्डवेअरचं दुकान चालवतो. त्यामुळे प्लाय, रंग, फेव्हिकॉल यांची ददात नाही. अडलंय ते नियमांवर.

गच्चीवरून खांदेरी-उंदेरी रोज दिसतात, तेव्हा पहिली लढाई कुठली हा प्रश्नच नव्हता. १८ ऑक्टोबर १६७९, एकीकडे शिवाजी महाराजांच्या दौलतखानाचं आरमार, दुसरीकडे इंग्रजांची ‘रिव्हेंज’ आणि तिच्याबरोबरची लहान जहाजं. पांगाऱ्याच्या लाकडाची जहाजं कोरून झालीत (हलकं आणि मऊ लाकूड, बाल्साची गरज नाही). चार गुराबा (मोठी, शिडाची), अठरा गलबतं (लहान, वल्ह्यांची), इंग्रजांची आठ. गलबत बोटाच्या दोन पेरांएवढं. टेबल जेवणाचंच, सहा बाय तीन फूट. खेळणारे मी, तेरा वर्षांचा भाचा आणि पेणहून येणारा एक मित्र. वेळ दोन तास, नंतर तिथे ताटं मांडायची असतात.

सागरी लढायांच्या नियमपुस्तकांपैकी ‘ब्लॅक सीज’ची चित्रं बघून जीव गेलाय. ‘गॅलीज अँड गॅलिअन्स’ पीडीएफमध्ये मिळतं, म्हणजे कुरियर आणि कस्टम्सचा ताप नाही. मित्राकडे डीबीए हे नियमपुस्तक आहे, तो म्हणतो त्यातच बसवू. तुम्ही काय घ्याल?

बारातुकड्या:
मी डीबीएचा जुना भक्त, तरी सांगतो, बसवू नका. फक्त बारा तुकड्या, पटावर दोन फूट जागा, तासाभरात निकाल. दर पाळीला एक फासा टाकायचा आणि जेवढे ठिपके तेवढ्याच हालचाली, ही युक्ती आजही कुणाला सहज सुधारता आलेली नाही. पण तो खेळ प्राचीन काळापासून साधारण १५०० पर्यंतच्या जमिनीवरच्या सैन्यांचा. त्याच घराण्यातला डीबीआर १७०० पर्यंत येतो, पण तोही मुळात जमिनीवरचाच.

आरमार सोडून उंबरखिंड खेळायची असेल तर बोलू. फेब्रुवारी १६६१, कारतलबखान खिंडीत अडकलेला. अडचण एवढीच, की मोगलांकडून खेळायला कोणी बसत नाही.

गिर्येकर:
विजयदुर्गाच्या अलीकडे गिर्ये, तिथला मी. व्यापारी जहाजांवर नोकरी झाली, आता आंब्याची कलमं आणि हा छंद. जरा लांब लिहितो.

थळकर, ही लढाई तुम्हाला कशासाठी खेळायची आहे ते आधी ठरवा. १८ ऑक्टोबर म्हटलं की इंग्रजांच्या ‘डव्ह’नं निशाण उतरवलं (म्हणजे शरण आली), बाकीची पांगली, ‘रिव्हेंज’ एकटी झुंजली, एवढंच सगळे सांगतात. ती एक सकाळ. मोहीम मात्र पुढे जानेवारीपर्यंत रेटली आणि तिचा निकाल रसदीनं लावला. इंग्रजांची मोठी जहाजं खोल बुडीची, महाराजांच्या मायनाक भंडाऱ्याच्या होड्या उथळ पाण्यातल्या. रात्री किनाऱ्यावरून रसद घेऊन निघून खांदेरी बेटाला लागायच्या आणि नाकेबंदी करणारे बघत राहायचे. १६८० उजाडल्यावर इंग्रजांनी नाद सोडला, बेट महाराजांकडेच राहिलं. ही रसद खेळायची असेल तर तोफांचे तक्ते कितीही बारीक असोत, उपयोग नाही. लपूनछपून हालचाल करता आली पाहिजे.

आता ‘ब्लॅक सीज’. उत्तम खेळ, पण १७७० ते १८३० चा. दोन ताफे एकमेकांना बगल दाखवून कडेच्या तोफांचा भडिमार करतात, सगळी गंमत त्यात. गुराबेच्या मोठ्या तोफा नाळेवर, समोर मारणाऱ्या. आंग्र्यांच्या काळातली वर्णनं वाचा: वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोरानं ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. तिथं त्याच्या फार थोड्या तोफा पोचतात. आधी डोलकाठ्यांवर मारा, जहाज लुळं पडलं की गलबतांतून माणसं चढवायची. हे ज्या नियमांत जमत नाही त्यांत जहाजांना मराठी नावं देऊन काय मिळवलंत?

कुठलेही सागरी नियम हातात आले की मी थेट वाऱ्याचं पान उघडतो. वारा फाशावर कुठूनही कुठे फिरत असेल तर तो आपला समुद्र नव्हे. ऑक्टोबर सरताना पहाटे मतलई (जमिनीवरून येणारा), दुपारनंतर खारा (समुद्रावरून येणारा), मध्ये कधी कधी पान हलत नाही. म्हणून मी फासाच काढून टाकला. पहिल्या चार पाळ्या पूर्वेचा वारा, मग दोन पाळ्या सुन्न, मग पश्चिमेचा. त्या दोन सुन्न पाळ्यांत शिडाचं जहाज ओहोटीबरोबर एक इंच वाहतं आणि वल्ह्यांची गलबतं मोकाट फिरतात. इंग्रजांकडून खेळणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं की त्या दोन पाळ्या येणार. तरी त्याचा घसा कोरडा पडतोच.

म्हणून माझं मत ‘गॅलीज अँड गॅलिअन्स’ला. जहाज हलवायला एक, दोन किंवा तीन फासे घ्यायचे, लोभ तुमचा. दोन फासे चुकले की पाळी समोरच्याकडे गेली. भाचा पहिल्याच दिवशी तिन्ही फासे उचलेल आणि जन्माचा शहाणा होईल. शिवाय मोजमाप कुठल्याही आकाराच्या जहाजाला चालतं, तुमची पांगाऱ्याची जहाजं फुकट जाणार नाहीत.

वायरीवाले:
नियम खयचेव घेवा, पन वारो इसरू नकात. बाकी गिर्येकरांनी सगळा सांगल्यानी.

थळकर:
गिर्येकर काका, पीडीएफ घेतली. दोन शंका. अठरा गलबतं एकेक करून हलवली तर दोन तासांत दुपारचा वारासुद्धा लागणार नाही. आणि रसदीचं तुम्ही डोक्यात भरवलंत, पण उघड्या टेबलावर लपायचं कसं? भाच्याची नजर घारीची आहे.

गिर्येकर:
गलबतं तीन-तीन एका पट्टीवर चिकटवा, एक पट्टी म्हणजे एक जहाज. अठराची सहा झाली. एखादी पट्टी गुराबेला जोडलीत की दोन्ही मिळून एकाच फाशावर चालतात, पण गलबतांच्या निम्म्या वेगानं, आणि तोवर त्या पट्टीनं चढाई करायची नाही. दोर सोडायला एक हालचाल खर्च. हा माझा घरगुती नियम, पुस्तकात शोधू नका.

लपण्यासाठी पंच हवा, त्याला पर्याय नाही. हे खूळ जुनंच आहे. राइसवित्झनं १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याला जो युद्धखेळ दिला त्यात नकाशा, फासे, तक्ते आणि मधे पंच होता. पुढे तक्त्यांचं इतकं ओझं झालं की १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा यांनी ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या अकलेवर सोडला. तुम्ही रात्रीच्या पाळ्या तशा खेळा. दोघांना वेगळे नकाशे, पेन्सिलीनं हुकूम लिहायचा, पंच तिसऱ्या नकाशावर बघून सांगणार: “उत्तरेला वल्ह्यांचा आवाज आला.” बस, एवढंच. कोणाची, किती, काही नाही. तोफा डागायच्या वेळी नकाशे गुंडाळा आणि टेबलावर या.

पंच म्हणून लष्करी इतिहासवाला शोधू नका. थळच्या बंदरावर एखादा जुना तांडेल (होडीचा म्होरक्या) गाठा. अंधारात, ओहोटीला, त्या दोन बेटांमधून होडी निघेल की खडकावर बसेल, हे कुठल्या तक्त्यात मिळणार?

बारातुकड्या:
पंचानं पक्षपात केला तर?

गिर्येकर:
चहा कोण देतो त्यावर आहे.

थळकर:
शेजारच्या तांडेलमामांना विचारून आलो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा रोज येईन म्हणाले, आता फक्त भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असते त्या) दिवसांत. नकाशा बघून पहिलं वाक्य: “हा खडक चुकीच्या जागी काढलायस.” दुसरं: “इंग्रजांची होडी मी जाऊ देणार नाही.” पंच तटस्थ असतो हे समजावतोय. भाचा तोवर इंग्रजांकडून खेळायला नाही म्हणायला लागलाय, तेव्हा रविवारी ‘रिव्हेंज’वर पेणचा मित्र. त्याला अजून सांगितलेलं नाही.