मदत हवी आहे : गंजलेल्या पोलादी पुलाची भूकंपक्षमता कशी तपासावी?

नमस्कार. जुन्या पोलादी पुलांच्या भूकंपक्षमतेवर गंजाचा काय परिणाम होतो, याचा मी अभ्यास करत असून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

१९९५ च्या कोबे भूकंपात पोलादी खांबांचे पातळ पत्रे पायथ्याजवळ फुगून वाकले होते, आणि पाणी साचून गंज धरण्याची शक्यताही नेमकी याच भागात अधिक असते. पत्र्याची जाडी २० मिलिमीटरवरून १६ वर आली, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २० टक्के घटते. पण पत्रा ज्या ताणाला फुगून वाकू लागतो, तो लवचीक ताण जाडीच्या वर्गावर (जाडी × जाडी) अवलंबून असल्याने तो सुमारे ३६ टक्के उतरतो. मला ही तफावत फार गंभीर वाटते.

शिवाय गंज सर्वत्र सारखा नसतो. जपानमधील किसोगावा पुलाचा तिरपा घटक २००७ मध्ये तुटला, तो काँक्रीटमधून आरपार जाणाऱ्या, तपासणीत न दिसणाऱ्या जागी, आणि तेही भूकंपाविना.

माझा प्रश्न असा की, संगणकीय प्रारूपात सरासरी जाडी घ्यावी, की गंजाने पडलेल्या खड्ड्यांसह प्रत्यक्ष पृष्ठभाग मांडावा? सरासरीने ताकदीचा अंदाज कदाचित जमेल, परंतु उलटसुलट हादऱ्यांत तडा कुठे सुरू होईल हे त्यातून कळणार नाही, असे माझे मत आहे. तसेच गंजून जाम झालेल्या रोलर बेअरिंगमुळे (पुलाचा वरचा भाग खांबावर पुढे-मागे सरकू देणाऱ्या आधारामुळे) खांबांवर येणारे जादा बल कसे धरावे? प्रत्यक्ष पुलांवर जाडीची मोजणी केलेल्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर लिहावी.