समुपदेशनाच्या नोंदी, घरच्यांचे फोन आणि पोलिसांचं पत्र

प्रश्न (नवी_क्लिनिकल): तालुक्याच्या गावात स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करते आहे. आठवड्याला साधारण १५ सत्रं, निम्मी व्हिडिओवर. नोंदी सध्या एका वहीत आहेत, वेळा व्हॉट्सॲपवर ठरतात. नोंदी नेमक्या कशा ठेवायच्या? घरच्यांचा फोन आला तर काय बोलायचं? आणि पोलिसांनी फाइल मागितली तर?

कपाट_कुलूप: वही आजच बंद करा. एकाच्या नोंदी दाखवायची वेळ आली की शेजारच्या पानावरचे दोघं उघडे पडतात. प्रत्येकाची स्वतंत्र फाइल, वर फक्त क्रमांक, उदाहरणार्थ २६-०१७. क्रमांक कुणाचा, फोन काय, तातडीला कुणाला कळवायचं, ही यादी दुसऱ्या कुलपात. फाइल आणि यादी एकाच खणात ठेवली तर क्रमांकाला अर्थच उरत नाही.

सत्राची नोंद सहा-आठ ओळींत बसते: तारीख, किती मिनिटं, कशावर काम झालं, कोणती पद्धत वापरली, पुढे काय ठरलं. ‘सासरच्या ताणावर काम’ एवढं पुरतं. सासू काय म्हणाली ते लागत नाही. तिसऱ्या माणसाचं नाव नको, नातं लिहा. जोखमीच्या नोंदीत मात्र हात आखडू नका. आत्महत्येच्या विचारांबद्दल काय विचारलं, उत्तर काय आलं, साधन हाताशी आहे का, सुरक्षेसाठी काय ठरलं, सगळं त्याच दिवशी लिहा. नंतर आठवून लिहिलेली नोंद कुणी खरी मानत नाही.

आणखी एक. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागता येतात. अमेरिकेत थेरपिस्टच्या खासगी टिपणांना कायद्यात वेगळी वागणूक आहे. आपल्याकडे तशा कप्प्यावर विसंबू नका. समोरचा हे वाचेल असं धरूनच लिहा.

मंदआवाज: गळती बहुतेक वेळा फोनमधूनच होते. व्हॉट्सॲपचं चॅट एन्क्रिप्टेड असलं तरी बॅकअपचं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन वेगळं सुरू करावं लागतं. फोटो गॅलरीत आपोआप उतरणं बंद करा. लॉक स्क्रीनवर मजकूर दिसू देऊ नका. कॉलर आयडी ॲपला संपर्कयादीची परवानगी अजिबात नको, कारण ‘अमुक डिप्रेशन’ म्हणून सेव्ह केलेलं नाव तुमच्या फोनपुरतं राहीलच असं नाही. व्हॉट्सॲपवर फक्त वेळ ठरवा.

व्हिडिओ सत्राच्या सुरुवातीला दर वेळी विचारा: खोलीत कोण आहे, हेडफोन लावलाय का? मध्येच कुणी आलं तर बोलायचा एक साधा शब्दही आधी ठरवून ठेवा.

घरच्यांच्या फोनला वाक्य एकच: “काकू, माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही.” जी येत नाही तिच्याबद्दलही हेच बोलायचं, नाहीतर ‘नाही, ती येत नाही’ हे ज्यांना ऐकायला मिळत नाही, त्यांना उत्तर कळतंच. पण ऐकून घ्यायला बंदी नाही. “तिनं गोळ्या घेतल्यात” असं कुणी सांगितलं, तर पत्ता विचारा आणि ११२ ला फोन करायला सांगा.

कलम_तेवीस: कायद्याचं थोडक्यात. गोपनीयता त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, अपवादही तिथेच: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, उपचार करणारे इतर व्यावसायिक, न्यायालय किंवा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा आदेश वगैरे. धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची, अख्खी फाइल नाही.

वकिलाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते थेरपिस्टला नाही. म्हणून ‘देणारच नाही’ असं कुणाला आश्वासन देऊ नका. पोलिसांनी तोंडी मागितलं तर नम्रपणे लेखी मागा: गुन्हा क्रमांक, कलम, नेमकी कोणती नोंद. लेखी मागणी सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली येते. आधी वकील, मग क्लायंटला कल्पना, मग मागितलं तेवढंच. पोच घ्या, प्रत स्वतःकडे ठेवा. पत्र आल्यावर नोंदीत खाडाखोड करणं हा सगळ्यात मोठा घात.

पॉक्सोत, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, मात्र पर्याय नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं; घरच्यांची इच्छा असो वा नसो. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. १७ वर्षांच्या मुलीनं प्रेमसंबंध सांगितले तरी हा प्रश्न उभा राहतो. म्हणून गोपनीयतेचे हे अपवाद क्लायंटनं काही सांगण्याआधी, पहिल्याच सत्रात, मराठीत, एका पानावर लिहून द्या.

नवी_क्लिनिकल: जोडप्याची फाइल एक की दोन?

कपाट_कुलूप: एकत्र सत्रांची एक. कुणी एकटं भेटलं तर त्याची वेगळी, नाहीतर घटस्फोटाच्या दाव्यात एकाचं गुपित दुसऱ्याच्या वकिलाच्या हाती जातं. एकट्यानं सांगितलेलं जोडीदारापासून लपवणार की नाही, हे सुरू करतानाच दोघांच्या सहीनं ठरवून घ्या.