शाळेतली डॉक्टरी तपासणी: एवढी भारी होती?

शेवगा: कालपासून घरच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय: 'आमच्या वेळी शाळेत दरवर्षी डॉक्टर यायचे, म्हणून आमची पिढी ठणठणीत. आता सगळं बंद.' तिसऱ्यांदा आलं तेव्हा राहवलं नाही.

दरवर्षी? शाळकरी मुलांची तपासणी बडोद्यात १९०९ सालीच सुरू झाली होती. तरी १९४६ मध्ये सरकारच्या आरोग्यविषयक भोर समितीने लिहिलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीच. १९६१ च्या शालेय आरोग्य समितीने तरी काय मागितलं? प्रवेशाच्या वेळी एकदा, मग दर चार वर्षांनी.

माझ्या अख्ख्या शाळेत डॉक्टर दोनदा आले. रांग लावायची, 'आ कर', पापणी खाली ओढायची, चल पुढचा. माझ्या कागदावर 'दात किडके' लिहिलं. दातांचा डॉक्टर तालुक्यालाही नव्हता. आजीने लवंग धरायला दिली, झाली आरोग्य सेवा. आणि मला फळ्यावरचं दिसत नाही हे आठवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर मी 'ढ', शेवटचा बाक.

नाना_खडूस: तुमच्याकडे नसतील आले. आमच्या जि.प. शाळेत यायचे. शिवाय बाई दर सोमवारी नखं बघायच्या, वाढली असली की पट्टी. रस्त्यावरचं खाऊन कधी आजारी पडलो नाही. दंडावर देवीचा डाग अजून मिरवतो. जन्म १९८०.

मुंगूस: १९८० म्हणजे देवीचा नव्हे काका, बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ चा. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. तुम्हाला कोण कशाला देवी काढेल?

नाना_खडूस: माझ्या आईने सांगितलंय देवीचा म्हणून. आई खोटी आणि तुमचं गूगल खरं!

निवृत्त सिस्टर: आईंना मध्ये आणू नका. डाव्या दंडावर एकच, मसुराएवढा असेल तर बीसीजी. देवीचे मोठे, खोलगट, बऱ्याचदा दोन किंवा जास्त. आधी दातेरी चकती कातडीवर टेकवून गर्रकन फिरवायचे. देवी काढणारा आला की पोरं ज्वारीत पळायची. पुढे दुतोंडी सुई आली, पंधरा टोचे की काम संपलं.

आणि शेवगा, त्या रांगेत मी टेबलाच्या पलीकडे होते. शर्ट काढायला लावून पाठ बघायची. फिकट चट्टा दिसला की मुलाने डोळे मिटायचे, मी कापसाची शेंडी टेकवायची: 'लागलं तिथे बोट ठेव.' सहावीतल्या एकाने बोट उचललंच नाही. मी तिथेच पुन्हा टेकवली. तो म्हणाला, 'बाई, लावा ना.' नशीब, तोवर कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आला होता. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. 'चल पुढचा' म्हणे!

शेवगा: बरं, कुष्ठरोगापुरतं मान्य. पण सुया? अख्ख्या वर्गाला एकच काचेची सिरिंज. दर मुलामागे सुई उकळायचात का? खरं सांगा.

निवृत्त सिस्टर: स्टोव्ह आम्हीच घेऊन जायचो. रॉकेल कुणाच्या पगारातून यायचं ते विचारा आधी. वर्ग चाळीसचा, सुया सहा. दर वेळी पूर्ण उकळलं असं छातीवर हात ठेवून नाही सांगणार. झालं समाधान?

मुंगूस: नाना, मोजला का? एक की दोन?

फळा_खडू: 'आता बंद' कुणी सांगितलं? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शाळेत वर्षाला एकदा पथक येतं. माझ्या वर्गातल्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं, ते त्यातच सापडलं, शस्त्रक्रियाही फुकट झाली. फक्त याद्या, उंची, वजन, सगळं ऑनलाइन भरायचं आम्ही. खिचडीचा हिशोब, निवडणूक, जनगणना, आणि वर हे. शिकवायचं कधी, यावर कुणी काढा की ढकलपत्र!

शेवगा: तुमच्या याद्यांचा वेगळा धागा काढा सर. इथे आधीच दंड उघडे पडलेत.

नाना_खडूस: आत्ता आरशात बघितलं. एकच आहे. पण मसुराएवढा नाही, चांगला वाटाण्याएवढा आहे.

मुंगूस: वाटाण्याएवढाही बीसीजीच.

नाना_खडूस: बरं बाबा, बीसीजी. आईला फोन करून तूच सांग.