मागची ब्रेस आड येतेय, ६३.५ मिमीचा एक्झॉस्ट कसा बसवायचा?

दोन_इंची
गाडीला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं) आहे. डाव्या-उजव्या लोअर आर्म (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्या) सबफ्रेमला, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीला, जिथे बसतात त्या माउंटना जोडणारी आडवी ब्रेस (ताठरपणासाठीची दांडी) सरळ नळीची: बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी २ मिमी, लांबी ९००. दोन्ही टोकांना एम१० चे दोन-दोन बोल्ट. मूळ पाइप ५० मिमीचा होता, त्याजागी स्टेनलेस ३०४ चा ६३.५ मिमीचा (जाडी १.५) टाकतोय. पाइप ब्रेसच्या वरून जातो. खाली ब्रेसपर्यंत ४ मिमी फट उरते, वर हीट शील्डपर्यंत १०.
माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत. ब्रेसचा मधला ३०० मिमी भाग कापून २५ मिमी खाली घ्यायचा, टोकांना स्पेसर घालून अख्खी ब्रेस उतरवायची, किंवा ब्रेस काढूनच टाकायची. वेल्डिंगची सोय आहे. काय करू?

टिग_टॉर्च
काढून टाकणं पहिलं बाद करा. उभ्या गाडीत काही फरक जाणवणार नाही, पण वळणावर दोन्ही माउंट एकमेकांपासून सरकतात आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बदलतो. मागचा टो चालत्या गाडीत बदलला की मागची बाजू अचानक सुटते.

मधून खाली घेण्याबद्दल: सरळ नळीवर नुसता ओढ-दाब येतो, म्हणून एवढी बारीक नळी पुरते. मध्ये २५ मिमीचा खड्डा केलात की तोच जोर नळीला वाकवायला लागतो. तुमच्याच मापांवर हिशोब केला, टोकं मोकळी धरून: सरळ नळीचा ताठरपणा मिलिमीटरला साधारण ३२,००० न्यूटन, तुमच्या डिझाइनचा ८,००० च्या खाली. म्हणजे चौथा हिस्सा. टोकं बोल्टने आवळलेली असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त मिळेल, पण फार नाही.

करायचंच तर मधला तुकडा ४०×४०×३ चा चौकोनी बॉक्स घ्या, उतरत्या भागाला दोन्ही बाजूंनी ३ मिमीच्या पट्ट्या लावा. मग मूळच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ताठरपणा परत येतो. बदल्यात जमिनीपासूनची उंची अजून १५ मिमी जाते.

वेल्ड गाडीवर करू नका, बाजूलाच पेट्रोलची टाकी आणि ब्रेक लाइन असते. जाड प्लेटवर चार भोकं मूळ ब्रेसवरून मारून घ्या, ब्रेस त्यावर बोल्टने आवळा, टॅक (आधी जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके) मारा, आलटून पालटून छोटे वेल्ड करा आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडा. नाहीतर भोकांमधलं अंतर २-३ मिमीने आखडतं. मग लोक पहार लावून बोल्ट घुसवतात, म्हणजे सबफ्रेम कायम ताणात राहते.

चौदाचा_पाना
ब्रेसला हातच कशाला लावायचा? पाइप चपटा करा. बाहेरची उंची ६३.५ वरून ४३ वर आणली तर रुंदी ७५ च्या आसपास जाते आणि आतलं क्षेत्रफळ फक्त १२ टक्क्यांनी कमी होतं. तरीही ते तुमच्या मूळ ५० च्या पाइपपेक्षा बरंच जास्त. जागा मिळते २० मिमी.

तयार ओव्हल पाइप मिळाला तर उत्तम. नाहीतर सरळ तुकडा हायड्रॉलिक प्रेसमध्ये दोन सपाट प्लेटांमध्ये दाबा, बाजूंना ठोकळे ठेवून. स्टेनलेस उसळी मारतं, त्यामुळे ठोकळे ४३ ऐवजी ४१-४२ चे ठेवा आणि मापून बघा. पाइपाची लांबट शिवण सपाट बाजूला येऊ द्या. तीव्र वळणावर आली तर तिथूनच फाटते. सपाट भाग ब्रेसच्या दोन्ही बाजूंना निदान ४० मिमी पुढे जाऊ दे.

दोन_इंची
हे पटलं. पण २० मिमी वर-खाली कसे वाटायचे? आणि तरी कमी पडलं तर ८-१० मिमीचा स्पेसर चालेल का?

लिफ्टवरची_गाडी
खाली जास्त ठेवा. हँगरचे (पाइप टांगून धरणारे) रबर गरम होऊन आणि जुने होऊन पाइप खालीच बसतो. तुमच्याकडे एकूण ३४ मिमी आहेत: खाली २०, वर १४ चालेल. शिवाय पाइप लांबीला वाढतो: ३०४ दर मीटरला दर अंशाला सुमारे १७ मायक्रॉन, म्हणजे २ मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर १० मिमी मागे सरकतो. चपटा भाग गोलाला मिळतो तिथली फट म्हणूनच मागे-पुढे दोन्हीकडे तपासा.

माप चाकं लटकलेली असताना घेऊ नका. चार खांबी लिफ्टवर, गाडी चाकांवर उभी असताना घ्या, आणि नंतर आर्म वर-खाली पूर्ण नेऊन पुन्हा. ब्रेसवर मातीचा गोळा चिकटवून, वरून प्लास्टिक लावून, थंड इंजिनावर गाडी थोडी खडबडीत रस्त्यावर फिरवा. गोळा किती दबला ते कळतं.

स्पेसर ८-१० मिमीपर्यंत ठीक, पण गोल वॉशरची चळत नको. दोन्ही बोल्ट जातील अशी एकच पोलादी पट्टी, ब्रेसच्या पायाएवढी. बोल्ट स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब, डोक्यावर छापलेला ग्रेड मूळचाच. वेल्ड नटमध्ये (सबफ्रेमला वेल्ड केलेल्या नटमध्ये) निदान १० मिमी आटे गेले पाहिजेत. टॉर्क मॅन्युअलमधला.

आर्मचे रबर बुश पाइपपासून ५० मिमीच्या आत येत असतील तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा १० मिमी हवेची फट ठेवून लावा. ब्रेसच्या पुढे-मागे व्ही-बँड क्लॅम्प (पाइपाचे तुकडे सोडता येतील असा पट्ट्याचा जोड) द्या, नाहीतर पुढे सबफ्रेम उतरवताना पाइप कापावा लागेल. बसवल्यावर मागच्या चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि १००-२०० किमीनंतर ब्रेसचा टॉर्क पुन्हा बघा. तेव्हाच पाइपाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा. एखादा चकचकीत घासलेला ठिपका दिसला तर हँगर ५ मिमीने वर घ्या.